नाव लागलं का?

गावात कुणाकडे बारसं झालं, कुणाची सोयरीक मोडली, याची त्याला खबर नसते आणि ती असावी अशी कुणाची अपेक्षाही नसते. पण कुणी वारलं तर ते त्याला जाऊन सांगावं लागतं. रीतसर, अर्ज करून, मृत्यूचा दाखला जोडून. कुणी सांगितलंच नाही तर तो त्या माणसाला जिवंत धरून चालतो. तेरावं होऊन जातं, वर्षश्राद्धं होतात, नातू कर्ते होतात, तरी त्याच्या लेखी आजोबा अजून बांधावर उभे असतात. यात त्याचा दोष नाही. त्याला डोळे नाहीत, पाय नाहीत. जे सांगितलं गेलं आणि तपासून पक्कं झालं, तेवढंच त्याला ठाऊक.

तो म्हणजे सातबारा. मावळ तालुक्यातल्या बेडसे गावात तो किती वर्षं राहतोय, हे त्याच्या अंगावरच्या फेरफार क्रमांकांवरून कळतं. दिसायला साधा आहे. एक कागद, वर आणि खाली असे दोन भाग. वरचा गाव नमुना सात, अधिकार अभिलेख पत्रक. खालचा गाव नमुना बारा, पिकांची नोंदवही. माथ्यावर गाव बेडसे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, मग गट क्रमांक. डाव्या बाजूला क्षेत्र: लागवडीयोग्य किती, पोटखराब किती, आकार किती. मध्ये खाते क्रमांक आणि भोगवटादारांची नावं. उजवीकडे कूळ आणि इतर अधिकार. खाली वर्ष, हंगाम, पीक, पड. तलाठ्याच्या दप्तरात एक ते एकवीस असे गाव नमुने असतात. कुणी वसुलीचा हिशोब सांभाळतो, कुणी गुराढोरांचा. पण शेतकरी ओळखतो तो यालाच. सात आणि बारा हे दोन वेगळे नमुने आहेत, हे कामकाजात मुरलेला माणूस सोडला तर कुणाच्या ध्यानातही नसतं.

त्याच्या अंगावरची सगळ्यात जुनी खूण म्हणजे आकाराचा रकाना. या जमिनीचा सारा सरकारला किती द्यायचा हे ठरवण्यासाठीच तर त्याचा जन्म. आज तो सारा नावापुरता उरलाय. कामशेतहून पवनानगरकडे जाणाऱ्या रस्त्याला ज्या जमिनीचा सौदा गुंठ्याला लाखांच्या भाषेत होतो, तिचा आकार त्याने रुपये-पैशांत लिहून ठेवलेला असतो. ज्या कामासाठी तो जन्मला ते काम जवळजवळ संपलं. तरीही पीककर्जाला तो लागतो, जामीन राहायला तो लागतो, शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून तो लागतो, कोर्टात तो लागतो, मुलाच्या दाखल्याला तो लागतो. सारा वसूल करणारा कागद आता माणसाची ओळख सांगणारा कागद झालाय.

त्याची एक सवय मला फार मोलाची वाटते. तो खोडत नाही. नाव कमी झालं की त्या नावाला कंस होतो, आणि शेजारी ज्या फेरफाराने ते कमी झालं त्याचा क्रमांक येतो. अलीकडे संगणकावरच्या उताऱ्यावर त्या नावावरून आडवी रेघही जाते, पण नाव वाचता येतं. म्हणजे जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर एका खाली एक कंस बघत गेलं, की त्या घराच्या तीन-चार पिढ्या समोर उभ्या राहतात. कोण कधी गेला, कुणी विकलं, कुणाला वाटणीत काय आलं, कोणती विधवा सून नाव लावायला पुढे आली. घरातल्या माणसांनी ज्यांची आठवण काढणं सोडून दिलं, त्यांना हा कागद धरून असतो. प्रत्येक कंसाची हकिगत गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, तारखेसकट असते. सातबारा फक्त क्रमांक सांगतो. पुढची गोष्ट ऐकायची तर तो फेरफार काढावा लागतो. जमीन घेणाऱ्या माणसाने उतारा बघून समाधान मानू नये, त्यावरचा एकेक फेरफार काढून वाचावा, असं जाणते लोक सांगतात ते याचसाठी.

हे गाव भाताचं. मावळात पाऊस तुफान, खाचरं पायऱ्यापायऱ्यांची, आणि वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून बाहेर पडलेला इंद्रायणी या खोऱ्यात घरोघरी पिकतो. त्यामुळे बेडशाच्या गाव नमुना बारावर खरिपाच्या रकान्यात ‘भात’ हा शब्द किती वर्षं येत राहिलाय त्याला गणती नाही. पूर्वी ही पीक पाहणी तलाठी करायचा. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून, मोबाइलवर फोटो काढून आपलं पीक नोंदवायचं, असं ठरलं. चिखलात उभं राहून रेंज शोधत फोटो काढणं सोपं नाही, आणि ज्याच्या घरात धड चालणारा मोबाइल नाही त्याची अडचण खरी आहे. तरी मला हा बदल पटतो. आपल्या शेतात काय उगवलंय हे सांगण्याचा पहिला हक्क ज्याने ते लावलं त्याचा.

गावामागच्या डोंगरात लेणी आहेत. पायऱ्या चढून गेलं की पूर्वेकडे तोंड करून उभं असलेलं चैत्यगृह लागतं. घोडे, हत्ती, बैल यांच्यावर स्वार झालेली जोडपी खांबांच्या माथ्यावर कोरलेली आहेत, ती बघायला लोक लांबून येतात आणि यावंच. पण सातबाऱ्याचे पूर्वज शोधायचे तर तिथले छोटे कोरीव लेख बघायला हवेत. एक लेख सांगतो की हे दान नाशिकच्या आनंद शेठीचा मुलगा पुष्यणक याचं. दुसरा गोभूती नावाच्या अरण्यवासी भिक्षूच्या स्तूपाशी आहे. तो स्तूप त्याच्या शिष्याने करवून घेतला. तिसरा पाण्याच्या टाक्यापाशी: महाभोजाची लेक, आपदेवणकाची पत्नी, महारठिनी सामडिनिका, तिचं हे दान. दोन हजार वर्षांच्या आसपासची ही अक्षरं. नाव काय, कोणाचा कोण, गाव कुठलं, दिलं काय. आजच्या फेरफाराच्या नोंदीतही हेच विचारलेलं असतं.

इंद्रायणीच्या खोऱ्यापलीकडे कार्ल्याच्या लेण्यात तर थेट महसुली कागदच दगडावर उतरलाय. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने करजिक नावाचं गाव तिथल्या भिक्षूंना दिल्याचा लेख आहे. सत्ता पालटली, सातवाहन आले, आणि मामाळच्या अमात्याला राजाची आज्ञा सुटली. मामाळ म्हणजे आपलं मावळ. आज्ञा अशी की भिक्षूंना दिलेल्या त्या गावात राजाच्या माणसांनी शिरायचं नाही, हात लावायचा नाही, मिठासाठी खोदायचं नाही. आणि या सवलती नोंदवून घ्यायच्या. राज्य बदललं तरी हक्क नव्याने नोंदला गेला पाहिजे, ही जाणीव तेव्हाच्या कारभारातही होती.

नाशिकच्या लेण्यांत ती आणखी स्पष्ट दिसते. उषवदाताने विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव ठेवली. दोन हजारांवर शेकडा एक आणि एक हजारावर शेकडा पाऊण असं महिन्याचं व्याज ठरलं, आणि त्यातून भिक्षूंच्या वस्त्रांचा व इतर खर्च चालायचा. हा सगळा व्यवहार निगमसभेत ऐकवला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदला, असं लेखातच लिहिलंय. तिथल्याच दुसऱ्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्राच्या काळचा जमिनीच्या दानाचा लेख आहे. त्यात आज्ञा तोंडी झाल्याचं सांगून पुढे ती अमात्य शिवगुप्ताने लिहिली, अमुकांनी जपली, अठराव्या वर्षी अमुक दिवशी दानपत्र हाती दिलं आणि तापसाने कोरलं, अशी एकामागून एक माणसं येतात. सांगणारा वेगळा, लिहिणारा वेगळा, सांभाळणारा वेगळा. कागदाला वजन येतं ते अशा माणसांच्या साखळीने. आज तलाठी फेरफार लिहितो आणि मंडळ अधिकारी तो तपासून मंजूर करतो. साखळी तीच आहे.

मधल्या शतकांत सातबाऱ्याच्या या घराण्यात महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, होऊन गेले. वतनाचा, सीमेचा तंटा उभा राहिला की गोत जमायचं, साक्षी व्हायच्या, आणि निवाड्याच्या कागदावर ज्याला लिहिता येत नाही तो आपल्या कसबाची निशाणी काढायचा. पाटील-कुणब्याचा नांगर त्यातलाच. अक्षर येत नसलं तरी माणसाचा शब्द कागदावर उतरायचा. पुढे इंग्रजी अमलात इनाम कमिशन आलं. १८५२ च्या कायद्याने त्याला इनामांचे हक्क तपासण्याचा अधिकार मिळाला, आणि ज्यांना सनद दाखवता आली नाही अशा कित्येक घरांची इनामं गेली. पुण्याच्या पेशवे दफ्तराला तेव्हा जे महत्त्व आलं ते या तपासणीमुळेही. पिढ्यानपिढ्यांची वहिवाट एका बाजूला आणि एक हरवलेला कागद दुसऱ्या बाजूला, अशी वेळ त्या घरांवर आली. मावळा-देशावरचे जुने लोक कागदांची बोचकी जिवापाड का जपत, ते या इतिहासावरून कळतं.

इनाम कमिशनच्या आधीच, याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची जमीन पाहणी १८३६ च्या सुमारास उभी राहिली. त्याआधी प्रिंगलच्या पाहणीने आकारलेला जबर सारा कुणब्यांना पेलला नव्हता आणि शेतं पडीक पडली होती. नव्या पाहणीत तेहतीस फुटी साखळीने शेतं मोजली, जमिनीचा कस पाहून प्रत लावली, आणि तीस वर्षांसाठी सारा ठरवला. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, हे माप अजून आपल्या तोंडी आहे. पण त्या पाहणीला जमीन कोण कसतो आणि सारा कोण भरतो एवढ्याशीच मतलब होता. जमिनीत आणखी कुणाकुणाचे हक्क गुंतलेत हे लिहायला सुरुवात झाली ती १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्याने. आजच्या सातबाऱ्याचा उजवा रकाना तेव्हापासूनचा. १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम आणि १९७१ चे नियम यांनी त्याला आत्ताचं रूप दिलं.

हा उजवा रकाना, ‘इतर अधिकार’, म्हणजे त्याचं मन. नावांच्या रकान्यात तो काय आहे ते सांगतो. इथे त्याने काय सोसलंय ते सांगतो. सोसायटीचं कर्ज घेतलं की बोजा इथे चढतो. कर्ज फिटलं म्हणून तो आपोआप उतरत नाही. बेबाकीचा दाखला नेऊन बोजा कमी करून घ्यावा लागतो, नाहीतर फिटलेलं कर्ज वर्षानुवर्षं कागदावर राहतं आणि पुढच्या कर्जाच्या वेळी आडवं येतं. विहिरीतला हिस्सा इथे, पाण्याची पाळी इथे, वहिवाटीचा रस्ता इथे, कोर्टाचा मनाईहुकूम इथे. जुन्या गटांवर कधीकधी ‘कु. का. कलम ४३ ला पात्र’ असा शेरा दिसतो. एवढ्या चार शब्दांमागे केवढी उलथापालथ आहे! १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कूळकायद्याने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मानीव खरेदीदार केलं. ज्याचं नाव आदल्या दिवसापर्यंत कूळ म्हणून उजवीकडे होतं, ते पुढे कलम ३२ ग ची चौकशी होऊन, किंमत भरून, ३२ म चं प्रमाणपत्र मिळून डावीकडे सरकलं. एका कागदावर दोन बोटांचं अंतर, पण ते कापायला कुळांच्या किती पिढ्या गेल्या. कलम ४३ चा शेरा म्हणजे ती जमीन परवानगीशिवाय विकायची नाही. २०१४ च्या दुरुस्तीने, प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून ती अट सैल करता येते. बघा, तो नावापुरता उरलेला आकार इथे पुन्हा कामाला आला.

नावांच्या रकान्यातही एक जागा अशी आहे जिथे तो सगळं सांगत नाही. नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ अशी तीन अक्षरं असतात, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. वडील वारले तेव्हा धाकटे भाऊ अज्ञान होते किंवा मुंबईला गिरणीत होते, म्हणून थोरल्याचं नाव कुटुंबाच्या वतीने लागलं. जमीन सगळ्यांची, नाव एकाचं. थोरला सरळ असेल तोवर काही अडत नाही. थोरला गेला, त्याच्या मुलांची नावं वारस म्हणून लागली, तीन अक्षरं कुठेतरी गळून पडली, आणि धाकट्यांच्या मुलांना कोर्टाची पायरी चढायची वेळ आली, अशा कहाण्या मावळात गावोगाव ऐकायला मिळतात. ज्या घरात अजून हा शेरा आहे त्यांनी थोरली पिढी हयात असतानाच सगळ्यांची नावं लावून घ्यावीत. आता ई-हक्क प्रणालीवर त्यासाठी अर्ज करता येतो.

त्याच्याबद्दल एक गैरसमज फार खोल गेलाय. लोक म्हणतात, ‘सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे मालक आहे.’ तो स्वतः असा दावा करत नाही. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५७ प्रमाणे, चूक असल्याचं सिद्ध होईपर्यंत त्यावरची नोंद खरी धरली जाते. कब्जा कुणाचा, वहिवाट कुणाची, याचा तो मोठा पुरावा आहे. पण मालकी खरेदीखताने येते, वारशाने येते, बक्षीसपत्राने, कोर्टाच्या हुकूमनाम्याने येते. १९९६ साली सावर्नी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की महसुली फेरफाराने मालकी निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही. सातबाऱ्याला जमिनीची आकृतीही ठाऊक नसते, म्हणजे कोपरे कुठे, बांध कुठून वळतो ते. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातला गटाचा नकाशा आणि मोजणीची ‘क’ प्रत हवी. डोंगरउतारावर उभं राहून ‘त्या आंब्यापासून या ओढ्यापर्यंत’ दाखवलेली जमीन आणि कागदावरचं क्षेत्र यांचा मेळ मोजणीशिवाय बसत नाही. पवना धरणाच्या काठाकाठाने जागा बघत फिरणाऱ्या पुण्या-मुंबईच्या माणसांना हे कुणीतरी जोर देऊन सांगायला हवं. जे शेतकरी नाहीत त्यांना कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे परवानगीशिवाय शेतजमीन घेताच येत नाही, हेही.

नोंद कशी पक्की होते ते बघण्यासारखं आहे. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं, असं जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४९ सांगतं. दस्त नोंदवून घेतला असेल तर दुय्यम निबंधकाकडून वर्दी आपोआप येते. मग नमुना सहाला नोंद पडते, हितसंबंधितांना नोटिसा जातात, चावडीवर प्रत लागते, आणि पंधरा दिवस हरकतीसाठी सोडले जातात. हरकत आली तर ती तक्रारींच्या वेगळ्या नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. नाही आली तर मंडळ अधिकारी, ज्यांना गावात सर्कल म्हणतात, नोंद प्रमाणित करतात. मग सातबाऱ्यावर अंमल होतो. या सगळ्या काळात कार्यालयाच्या दारात एकच प्रश्न ऐकू येतो:

‘भाऊसाहेब, नाव लागलं का?’

‘नोटीस निघालीय आबा. पंधरा दिवस जाऊ द्या, मग सर्कल मंजूर करतील.’

तलाठ्याचं पदनाम २०२४ साली ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं. बोलण्यात मात्र तलाठी आणि भाऊसाहेब हेच चालू आहे. मला त्या पंधरा दिवसांचा आदर वाटतो. लोकांना तो उशीर वाटतो, पण ज्याला कुणी विचारलं नाही, जो लांब सुरतेला किंवा मुंबईला आहे, जिचं लग्न होऊन ती दुसऱ्या तालुक्यात गेलीय, त्याच्यासाठी आणि तिच्यासाठी ते दिवस राखून ठेवलेले आहेत. नोटीस खरोखर त्यांच्या हाती पोचली तर.

१ मे २०१८ पासून त्याला डिजिटल सही मिळाली. पंधरा रुपये भरले की ‘महाभूमी’च्या संकेतस्थळावरून सहीचा उतारा घरबसल्या निघतो, त्यावर क्यूआर कोड असतो आणि पडताळणी क्रमांकही, म्हणजे समोरच्या माणसाला तो खरा आहे का ते तपासता येतं. प्रत्येक गटाला अकरा अंकी भू-आधार क्रमांकही मिळालाय. फुकट दिसणारा विनास्वाक्षरित सातबारा फक्त माहितीपुरता. बँकेत किंवा कोर्टात तो चालत नाही, एवढा फरक ध्यानात ठेवावा. सहीच्या उताऱ्यामुळे वडगाव मावळच्या तहसील कचेरीत हेलपाटे घालणं कितीतरी कमी झालं आणि नकलेसाठी कुणाची मर्जी सांभाळायची गरज उरली नाही. ही साधी गोष्ट नाही. मात्र हस्तलिखित वह्यांतून संगणकावर येताना कुठे नावाचं अक्षर बदललं, कुठे क्षेत्रातला शून्य सरकला. लेखनातल्या अशा चुका कलम १५५ खाली दुरुस्त होतात, पण आधी त्या कुणीतरी बघायला हव्यात.

जुने कागद पुढे कशाला उपयोगी पडतील याचा नेम नसतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा राज्यभर महसुली दप्तरं, कोतवाल पुस्तकं, शाळांचे जनरल रजिस्टर उघडले गेले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. वसुलीसाठी, जन्म-मृत्यूच्या हिशोबासाठी कुणा कारकुनाने शंभर वर्षांपूर्वी लिहिलेली एक ओळ आज एखाद्या घराचं भवितव्य ठरवते. त्या कारकुनाने नीट लिहिलं, पुढच्यांनी नीट जपलं, म्हणूनच.

आणि आता त्या टाक्यावरच्या सामडिनिकेकडे वळतो, कारण सातबाऱ्याबद्दल मला जे मनापासून सांगायचंय ते तिच्यापाशी आहे. तिच्या नावाआधी वडील येतात, नवरा येतो, हे खरं. पण दान तिचं आहे आणि ते तिच्या नावावर नोंदलेलं आहे. त्याच डोंगराखालच्या शेतांवर बायकांची नावं कशी लागली? कित्येक पिढ्या लागलीच नाहीत. लागली ती नवरा गेल्यावर वारस म्हणून, मुलांच्या नावांच्या खाली. लेकींची लागली तर लगेच हक्कसोडपत्राने कमी झाली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि हजारो शेतकऱ्यांनी आपल्या हयातीतच बायकोचं नाव जमिनीला लावलं. १९९२ साली सरकारनेही पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावायची वाट खुली केली. १९९४ मध्ये महाराष्ट्राने लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा देणारा कायदा केला, २००५ मध्ये तो देशाचा झाला, आणि २०२० साली विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच मिळतो, ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असोत वा नसोत, हे पक्कं केलं. कायदा पुरेसा झालाय. उताऱ्यावर तो अजून पुरेसा उतरलेला नाही.

२०२५ मध्ये सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घेतली आणि मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला सुरुवात केली. वारसांच्या त्या यादीत मुली असतात. त्या यादीतच असाव्यात आणि यादीतच राहाव्यात. भाऊबीजेला साडी दिली की जमीन मागायची नसते, हा समज आपण फार काळ पोसला. बहिणीने हक्क सोडला तर तो तिचा निर्णय. पण तो तिला वाचून दाखवलेला, समजलेला, घाई न केलेला निर्णय हवा. नोंदणी कार्यालयाच्या बाकावर बसवून ‘इथे अंगठा दे’ म्हणून घेतलेला नव्हे.

म्हणून प्रत्येक घराला सांगणं आहे. आपल्या गटांचे सहीचे उतारे काढा, उजवा रकाना शेवटपर्यंत वाचा, कमी न झालेला बोजा आणि राहून गेलेलं ए. कु. मॅ. शोधा. वारस नोंदीचा अर्ज देताना बहिणींची नावं अर्जात सुरुवातीलाच लिहा. हक्कसोडपत्र घेऊन निघालेल्या भावाने आधी तिचं नाव सातबाऱ्यावर लावून घ्यावं. ते ठेवायचं की सोडायचं हे मग ती ठरवेल.